घाणेरी वरून छाटू नका, बुडातून तोडा

प्रश्न : किनवट तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमची २ एकर बरड आहे. त्यात चार वर्षांचा साग उभा आहे. घाणेरी (लँटाना) इतकी माजली आहे की आत माणूस शिरत नाही. दरवर्षी दिवाळीनंतर मजूर लावून कोयत्यानं छाटतो, पावसाळ्यात ती दुप्पट फुटते. कोणी म्हणतं जाळा, कोणी म्हणतं शेळ्या सोडा, कोणी म्हणतं तणनाशक मारा. काय करावं?
(एक शेतकरी वाचक, जि. नांदेड)

उत्तर : भाऊ, आधी एक विनंती. काहीही करा, पण काडी लावू नका. उन्हाळ्यात सागाखाली पाचोळ्याचा थर असतो आणि घाणेरी खोडाला टेकून वर चढलेली असते. जमिनीवरची आग तिच्यावरून थेट शेंड्याला जाते. कोवळ्या सागाची साल बुडाशी होरपळली की पुढे लाकूड आतून सडतं. घाणेरीचं मूळ मात्र शाबूत राहतं, आणि पहिल्या पावसात सगळ्यात आधी तीच फुटते. किनवट-माहूरच्या सागवानात माझी नोकरीची उमेदीची वर्षं गेली. वणव्यानंतरच्या पावसाळ्यात हेच पाहायला मिळायचं आणि फार वाईट वाटायचं.

शेळ्यांचंही तसंच. त्या शेजारचं गवत खातात, घाणेरी सोडून देतात, म्हणजे मोकळी जागा तिलाच मिळते. टंचाईत एखाद्या जनावरानं भुकेपोटी पाला खाल्लाच, तर कावीळ होते आणि उन्हानं कातडी सोलते. तणनाशकाचं म्हणाल तर ग्लायफोसेटचा फवारा वाऱ्यानं सागाच्या पानांवर गेला की झाड खुरटतं. शिवाय ते परवानाधारक कीडनियंत्रकांकडूनच फवारावं, असा आदेश केंद्र सरकारनं २०२२ साली काढला आहे.

आता तुमची छाटणी का वाया जाते ते पाहू. नवे धुमारे निघतात ते खोड आणि मूळ यांच्या सांध्यातून, आणि कोयता तिथवर पोचतच नाही. मृगाचा पाऊस होऊन वापसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की कामाला लागा. झुडपाच्या फांद्या आधी उतरवून बुंधा मोकळा करा. बुडाभोवतीची माती कुदळीनं बाजूला सारा. जमिनीलगत खोड गाठाळ, फुगीर झालेलं दिसेल. त्याच्या खाली, साधारण ३ ते ५ सेंटिमीटर खोल, मुख्य मूळ कुऱ्हाडीनं तोडा. मग अख्खं झुडूप उलटं करून ठेवा, मुळं वर. आडवं टाकलं आणि फांद्या ओल्या मातीला टेकल्या, तर पेरातून परत मुळं धरते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी ही रीत बसवली आणि उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या जंगलात ती वापरली गेली. खणून काढण्यापेक्षा यात माती फार कमी हलते. तुमच्या उताराच्या मुरमाड जमिनीला हे फार महत्त्वाचं आहे. सागाच्या रुंद पानांवरून मोठे थेंब पडतात, खाली काही आच्छादन नसेल तर माती वाहून जाते.

म्हणून घाणेरी काढली की ती जागा उघडी ठेवू नका. मारवेल, पवन्या या गवतांचं बी टाका, नाहीतर ठोंब लावा. मेलेल्या सागाच्या जागी नवी रोपं लावून नांगे भरा. घाणेरीला ऊन हवं असतं. सावली आणि गवत हेच तिला रोखतात. फक्त सागाच्या बुडाभोवती हातभर अंतरात गवत येऊ देऊ नका, लहान झाडाच्या वाट्याची ओल ते खातं.

रोपं तरीही येतीलच. बुलबुल, साळुंक्या काळी फळं खातात आणि कुंपणावर, उंच फांद्यांवर बसून बी टाकतात. तेव्हा रोपं आधी तिथे शोधा. चौकोनी कोवळं खोड आणि चुरगळल्यावर उग्र वास, एवढी खूण पुरे. पावसाळ्यात वापश्यावर हातानं ओढली तरी मुळासकट येतात. ही राखण निदान तीन पावसाळे लागेल.

२ एकर एका हंगामात संपवायचा हट्ट धरू नका. जिथे विरळ आहे तिथून सुरू करा, तिथे मजुरी कमी लागते आणि पसरणं थांबतं. दाट गचपण पुढच्या वर्षी घ्या, पण यंदा फळ धरण्याआधी त्याचे फुलोरे तेवढे छाटून टाका.