साठीनंतर कलेचा इतिहास: वाचायचं काय?

निवृत्तीनंतर हा विषय घेताय, छान. पण पहिल्याच दिवशी जाडजूड संदर्भग्रंथ विकत आणू नका. माझे दोन वर्षं माळ्यावर धूळ खात होते.

सुरुवात गॉम्ब्रिच यांच्या १९५० च्या ‘द स्टोरी ऑफ आर्ट’ने करा. ते मुळात किशोरवयीन वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, म्हणून कमीपणा मानू नका. भारत मात्र त्यात जेमतेम येतो.

मग लेण्यांकडे वळा. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा १८८० चा ‘द केव्ह टेंपल्स ऑफ इंडिया’ आता जुना झालाय. कालनिश्चिती तिथून उचलू नका, पण आराखडे जरूर बघा. कार्ल्याच्या चैत्यगृहाचा (बौद्ध प्रार्थनागृहाचा) आराखडा घेऊन आत उभे राहा आणि छताच्या लाकडी फासळ्या न्याहाळा. दगडात कोरलेल्या छताला लाकडाचा आधार कशाला हवा होता? हा प्रश्न तिथे मान वर केल्यावरच खरा भिडतो.

त्यानंतर अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक. अजिंठ्याचा दुसरा टप्पा वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, अवघ्या वीसेक वर्षांत उभा राहिला, असं ते मांडतात. सगळ्यांना ते पटत नाही, तेव्हा विरोधकही सोबत वाचा. आणि हो, तळटीपांची छपाई बारीक असते, भिंग जवळ ठेवा.