लेखकच अनुवादक असतो तेव्हा

प्रश्न : एखादा लेखक स्वतःच्या नावानिशी स्वतःच्याच आयुष्यावर कादंबरी लिहितो आणि पुढे तिचा अनुवादही स्वतःच करतो. अनुवादात प्रसंग बदललेले दिसले, तर खरे कोणते मानावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : फ्रेंच लेखक सर्ज दुब्रॉव्स्की यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या नावानिशी स्वतःवर लिहिलेल्या अशा कादंबरीसाठी ‘ऑटोफिक्शन’ हा शब्द योजला, तेव्हाच ‘खरे कोणते’ हा प्रश्न अवघड होऊन बसला होता, स्वानुवादाने त्यात भर पडते. दुसऱ्याच्या पुस्तकाचा अनुवादक छापील संहितेला बांधलेला असतो. स्वतःचे पुस्तक अनुवादणाऱ्यापुढे मात्र संहितेमागची आठवणही उभी असते, आणि दोहोंत मेळ बसेना की तो बहुधा आठवणीचे ऐकतो.

रशियन व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिणारे कादंबरीकार व्लादिमिर नबोकोव्ह यांनी आपले रशियातील बालपण आधी इंग्रजीत (१९५१), मग रशियनमध्ये (१९५४) आणि भर घालून पुन्हा इंग्रजीत (१९६६) लिहिले. ते आत्मचरित्र, कादंबरी नव्हे. पण आपल्या प्रश्नाची नस तिथेच सापडते. शेवटच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते सांगतात की, एका प्रसंगात सहज घातलेला चष्मा त्यांना मुद्रिते तपासताना दरवेळी खुपत राही. अखेर स्मरणशक्तीला बराच ताण दिल्यावर त्या जागी ओल्या गवतात चकाकणारी, शिंपल्याच्या आकाराची सिगारेटची डबी त्यांना लख्ख आठवली. म्हणजे कल्पित होते ते आधीच्या पाठात! म्हणून ‘मूळ’ आणि ‘अनुवाद’ अशी उतरंड न लावता हे एकाच आठवणीचे दोन पाठ म्हणून वाचावेत, असे मला वाटते. विलास सारंगांनी इराकमधील बसऱ्यातील वास्तव्यावर बेतलेली ‘एन्कीच्या राज्यात’ ही आपली मराठी कादंबरी स्वतःच इंग्रजीत नेली. तीही अशीच शेजारी ठेवून वाचून पाहावी.

काही बदल मात्र आठवणीचे नसतात, भाषाच ते करायला लावते. इंग्रजीतला ‘मी’ पुस्तकभर स्त्री की पुरुष हे झाकून ठेवू शकतो. तोच मराठीत आला की ‘मी घरी आलो’ की ‘आले’, हे पहिल्याच वाक्यात सांगावे लागते, आणि स्वतःला थोडे लपवूनच लिहिणाऱ्याची तिथे पंचाईत होते. त्यातूनही निसटायचे असेल, तर ‘मी चहा घेतला’, ‘मी पत्र वाचले’ अशा वाक्यांचा आसरा घ्यावा लागेल, कारण तिथे क्रियापद ‘मी’कडे न बघता चहाकडे आणि पत्राकडे बघते.