शिवजयंती दोनदा का येते?

चि. लेकीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझ्या प्रश्नाला मी घाईघाईत उडवाउडवीचे उत्तर दिले आणि ते मलाच बोचत राहिले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. इथल्या मंडळात १९ फेब्रुवारीला शिवजयंती साजरी झाली आणि पुढे मार्च महिन्यात आजोबांनी फोनवर "आज शिवजयंती" असे सांगितले, तेव्हा तू म्हणालीस, "ज्यांच्याविषयी तुम्ही सगळे इतक्या अभिमानाने बोलता, त्यांच्या जन्मदिवसावरही मराठी माणसांचे एकमत नसेल, तर हा विषय मी शाळेत का शिकायचा?" पुढच्या वर्षी इतिहास सोडण्याचा तुझा विचार असल्याचेही त्याच वेळी कळले. विषय निवडण्याचा अधिकार तुझा आहे. मात्र ज्या प्रश्नामुळे तू इतिहास सोडू पाहतेस, त्याच प्रश्नापासून इतिहासाचा अभ्यास सुरू होतो, असे मला मनापासून वाटते.

दोन जयंत्यांचे उत्तर सोपे आहे. दिवस एकच, पण तो मोजण्याच्या पद्धती दोन आहेत. आजोबा तिथी पाळतात, म्हणजे फाल्गुन वद्य तृतीया. मंडळ तारीख पाळते. तिथी चंद्राच्या गतीवर ठरते, त्यामुळे ती दरवर्षी निराळ्या तारखेला येते.

खरी गोष्ट याच्या पुढे आहे. आजोबांच्या शाळेच्या पुस्तकात महाराजांचे जन्मवर्ष १६२७ होते, तुझ्या पुस्तकात ते १६३० आहे. आजोबांच्या लहानपणी जयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला होत असे, कारण उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके १५४९ मधील ती तिथी रूढ झाली होती. बखर रसाळ असते, पण ती पुष्कळदा घटनेनंतर कित्येक वर्षांनी, ऐकीव माहितीवर आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवजयंतीला सार्वजनिक उत्सवाचे रूप ज्यांनी दिले, त्या लोकमान्य टिळकांनीच १९०० साली 'केसरी'त या तिथीची चर्चा केली आणि उपलब्ध साधनांवरून ती निश्चित सांगता येत नाही, हे मान्य केले. स्वतः उभ्या केलेल्या उत्सवाचाच दिवस संशयित आहे, असे लोकांना सांगण्यासाठी किती प्रामाणिकपणा लागला असेल, याचा तू विचार कर.

पुढे भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपून ठेवलेले एक टाचण टिळकांच्या हाती आले आणि १९१६ साली ते प्रसिद्ध झाले. हीच जेधे शकावली. तिच्यात वर्णने नाहीत, स्तुती नाही. शक, महिना, तिथी, वार आणि काय घडले, एवढ्याच त्रोटक नोंदी आहेत. त्यांत महाराजांच्या जन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. त्यानंतर महाराजांच्याच आज्ञेवरून कवींद्र परमानंदांनी रचलेले 'शिवभारत' हे संस्कृत काव्य अभ्यासकांसमोर आले आणि त्यातही तीच तिथी निघाली. एक देशमुखाच्या घरातले टाचण, दुसरे दरबारी कवीचे काव्य. एकाने दुसऱ्याची नक्कल केली असावी असे मानायला जागा नाही.

आता हे तू स्वतः पडताळून पाहा, कारण माझ्यावर विश्वास ठेव असे मी म्हणणार नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण फाल्गुन महिना शकाच्या अखेरीस, म्हणजे नव्या इसवी वर्षात पडत असल्यामुळे तिथे ७९ मिळवावे लागतात: १५५१ अधिक ७९ म्हणजे १६३०. मग १९ फेब्रुवारी १६३० रोजी शुक्रवार होता का? मी पहिल्यांदा संगणकावर पाहिले तेव्हा मंगळवार आला आणि क्षणभर माझा जीव खालीवर झाला. पण संगणक आजचे ग्रेगोरियन कॅलेंडर मागे नेतो, तर आपल्या इतिहासकारांनी शिवकालासाठी इंग्रजांचे तेव्हाचे जुने, म्हणजे ज्युलियन कॅलेंडर वापरले आहे. इंग्लंडने कॅलेंडर १७५२ साली बदलले आणि महाराजांच्या काळात दोन्हींत १० दिवसांचे अंतर होते. १९ फेब्रुवारीत १० दिवस मिळवले की १ मार्च येतो. ग्रेगोरियन कॅलेंडर दर ४०० वर्षांनी जसेच्या तसे फिरून येते, कारण ४०० वर्षांचे १,४६,०९७ दिवस म्हणजे नेमके २०,८७१ आठवडे होतात. तेव्हा तुझ्या फोनमध्ये २०३० सालचा १ मार्च उघड. शुक्रवार आहे. शकावली लिहिणाऱ्याने नोंदवलेला वार आज तुझ्या हातातल्या यंत्रावर जुळतो, हे पाहताना माझ्या अंगावर काटा येतो.

हे सगळे सहजासहजी स्वीकारले गेले नाही. १९६६ साली शासनाने इतिहासतज्ज्ञांची समिती नेमली, तरीही जुनीच तिथी चालू राहिली. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने अधिकृतपणे मानली ती २००१ साली. शकावली छापून झाल्यावर ८५ वर्षांनी! लोकांना जुन्या तिथीचा लळा होता आणि तो मी समजू शकते. पण आपल्या सर्वांत लाडक्या राजाच्या बाबतीतही पुरावा पाहून एका समाजाने आपले म्हणणे बदलले, ही गोष्ट मला कोणत्याही लढाईइतकीच अभिमानाची वाटते.

विद्यार्थ्याने इतिहास शिकावा तो एवढ्यासाठी. पाठ्यपुस्तकातली एक ओळ पाठ करायला अर्धे मिनिट लागते. ती ओळ कोणी लिहिली, कधी लिहिली, त्याला ते कसे ठाऊक होते आणि तसे लिहिण्यात त्याचा काही लाभ होता का, हे विचारायला शिकण्यात वर्षे जातात, आणि ती सवय कोवळ्या वयात लागली तर लागते. सुरतेच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी महाराजांविषयी कडवट लिहिले, कारण त्यांना लुटीची धास्ती होती. तरीही त्यांची पत्रे आपल्याला हवीत, कारण शत्रूने नाइलाजाने केलेल्या स्तुतीला वजन असते. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरातली मोडी दप्तरे शोधत राहिले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापत गेले, ते याच निष्ठेने. महाराजांच्या चित्राखाली कोणतेही वाक्य चिकटवून फोनवरून पाठवणारी माणसे आपल्या नात्यातही आहेत. ते वाक्य कुठून आले, असे विचारणारे मूल घरात असावे, अशी माझी इच्छा आहे.

निर्णय घेण्यापूर्वी एक कोडे सोडवून बघ. राज्याभिषेक आपण ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, ६ जून १६७४ या तारखेला मानतो आणि वर सांगितल्याप्रमाणे हिशेब केलास तर त्या दिवशी शनिवार येईल. जेधे शकावली मात्र ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार म्हणते आणि तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले, असे नोंदवते. एक घटका म्हणजे २४ मिनिटे, आणि आपल्या जुन्या गणनेत वार मध्यरात्री बदलत नसे, सूर्योदयाला बदलत असे. शकावली चुकली, आपण चुकलो, की दोघेही बरोबर आहोत? रविवारी आजोबांना फोन करशील तेव्हा त्यांच्याशी बोलून घे आणि मग मला सांग.

तुझी,
आई