गुडघा बदलला, पण अंगात त्राण कुठाय?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारी मी फिजिओथेरपिस्ट, वीसेक वर्षं पुण्यात घरोघरी जाऊन गुडघेवाल्यांना चालवतेय.)

प्रश्न : ताई, माझं वय ६३, राहणार मिरज. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात गुडघा छान आहे, एक्स-रे पण मस्त, १०५ अंशांपर्यंत वाकतो, दुखणं पण बरंच कमी. पण अंगात जीवच नाही हो. सकाळी आंघोळ करून पलंगावर पडते ते दहा वाजेपर्यंत उठवत नाही, केस विंचरायला हात वर धरला तरी दमायला होतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई सहाव्या आठवड्यात गणपतीपुळ्याला जाऊन आल्या. मिस्टर म्हणतात तू मनावर घेत नाहीस. मला शुगर आहे, दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, शाकाहारी आहे. डाळीने टाके पिकतात असं नणंद म्हणाली म्हणून मऊ भात, वरणावरचं पाणी आणि तूप एवढंच घेते. डिस्चार्जच्या कागदावर हिमोग्लोबिन ९.२ लिहिलंय, ते बरोबर असतं का?

उत्तर : काकू, हे उत्तर मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवा.

तुमचं पत्र वाचत वाचत शेवटच्या ओळीला आले आणि कपाळाला हात लावला. ९.२ आणि त्यानंतर सहा आठवडे कुणी परत बघितलंच नाही! बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात. या ऑपरेशनमध्ये टेबलावर जेवढं रक्त दिसतं तेवढंच जात नाही, बरंचसं आतल्या आत मांडीच्या मांसात झिरपतं, तुमचा पाय पहिल्या आठवड्यात मांडीपासून घोट्यापर्यंत वांग्यासारखा काळानिळा झाला असेल बघा, ते हेच. दोनेक पॉइंट उतरणं नेहमीचं आहे, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायका ऑपरेशनला जातानाच अकरा-साडेअकरा घेऊन गेलेल्या असतात. रक्तच कमी तर केस विंचरताना दम लागणार नाही तर काय. सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, करून घ्या, त्याच सुईत फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी१२ पण. बी१२ अशासाठी की शाकाहार आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, दोन्हीनं ते खाली जातं, आणि ते कमी असलं की थकवा तर येतोच, पायाला मुंग्या येतात त्या वेगळ्या, आणि मग सगळे म्हणतात ऑपरेशनमुळे आल्या.

रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, लोहाची गोळी मनाने सुरू करू नका. एक मात्र सांगते, गोळी दिली तर ती चहाबरोबर घेऊ नका. चहा तासभर तरी लांब ठेवा, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला, आणि लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर. मी असे कितीतरी पेशंट बघितलेत, तीन महिने गोळी खातात आणि हिमोग्लोबिन तिथेच, मग कळतं की सकाळच्या चहाच्या घोटाबरोबर लोह आणि कॅल्शियम दोन्ही एकदमच गिळतात. शिवाय शरीरात सूज असते तोवर आतडं लोह नीट आत घेतच नाही, म्हणून काहींना डॉक्टर शिरेतून लोह देतात, तसं म्हणाले तर घाबरू नका.

आता तुमच्या नणंदबाई. त्यांचा मान ठेवून सांगते, डाळीने टाके पिकत नाहीत. टाके पिकतात जंतूंमुळे आणि शुगर वाढल्यामुळे, आणि शुगर वाढवायला तुमचा मऊ भात पुरेसा आहे. जखम भरायला आणि मांडीचा स्नायू परत भरायला प्रोटीन लागतं, या काळात साधारण वजनाच्या किलोमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास धरा, म्हणजे ६५ किलोच्या बाईला दिवसाला ८० ग्रॅम. वरणावरच्या पाण्यात काय असतं, हळद आणि हिंग! घट्ट वरणाची एक वाटी सहा-सात ग्रॅम, मोठा ग्लास दूध आठ, मूठभर शेंगदाणे सात, १०० ग्रॅम पनीर अठराच्या पुढे. म्हणजे मटकीची उसळ, पिठलं, दही, दुपारी भाजलेले दाणे, संध्याकाळी पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या असं दिवसभर वाटून घ्या, एका जेवणात सगळं रिचवायचं नाही. अळीवाची खीर पण चालेल, साखर बेताची. किडनीचा काही त्रास असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्र हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नका.

तिसरी गोष्ट कुणी सांगतच नाही. ऑपरेशननंतर महिनाभराने मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आधीच्या निम्म्यावर आलेली असते, कधी त्याहून कमी. त्यामुळे तुम्ही घरात जी वीस पावलं टाकता त्यात दुसरा पाय, कंबर, वॉकर धरलेले हात असे सगळे ओव्हरटाईम करत असतात. बिघडलेल्या क्लचची गाडी जास्त पेट्रोल खाते ना, तसं.

म्हणून दिवस तोडून घ्या. एकदम अर्धा तास चालू नका, पाच-पाच मिनिटं सहा वेळा चाला. आणि आंघोळीचं तर पूर्ण बदला. तुम्ही उठता, व्यायाम करता, लगेच कडकडीत पाण्याने उभं राहून आंघोळ करता, मग साडी, मग केस, असंच ना? गरम पाण्याने बीपी उतरतं, त्यात बीपीची गोळी सकाळी घेत असाल तर आणखीनच. बाथरूममध्ये पाठ असलेली प्लास्टिकची खुर्ची ठेवा, खाली रबरी मॅट, पाणी कोमट, आणि बाहेर आलात की आधी दहा मिनिटं पलंगावर बसून मग कपडे. काही दिवस साडीला सुट्टी द्या, गाऊन घाला, कुणी काही म्हणत नाही. आंघोळ व्यायामाच्या आधी नको आणि लगेच नंतर पण नको, दुपारी केली तरी आभाळ कोसळत नाही. माझ्या सासूबाईंना हे पटायला तीन आठवडे लागले, देवपूजेच्या आधी आंघोळ नाही म्हणजे काय म्हणून. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, पूजा नातवाकडे दिली आणि स्वतः खुर्चीत बसून मंत्र सांगायला लागल्या.

ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी सगळी कपाटं आवरायला घेऊ नका, हे हमखास होतं, आणि पुढचे दोन दिवस पलंगावर जातात. रात्री गुडघा जास्त सुजला, ठणकला तर दुसऱ्या दिवशी चालणं थोडं कमी करा, बंद नाही.

समोरच्या बाईंचं हिमोग्लोबिन किती होतं ते विचारा एकदा. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत अंगात ताकद यायला लागते, पूर्ण पहिल्यासारखं वाटायला सहा महिने, काहींना वर्षही जातं. हां, पण बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, एकाच पोटरीत दुखून सूज आली, ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा डांबरासारखी काळी चिकट शौचाला झाली तर पत्र लिहीत बसू नका, त्याच तासाला हॉस्पिटल. लोहाच्या गोळीने रंग काळपट होतोच, पण डांबरासारखं चिकट आणि घाण वास हे वेगळं, रक्त पातळ करायची गोळी आणि पेनकिलर चालू असताना ते पोटातलं रक्त असू शकतं.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे, ऑपरेशनला दहा आठवडे झाले. दिवसभर खुर्चीत पेंगतात, रात्री दोन वाजता टीव्ही लावून बसतात. आई म्हणते त्यांचा स्वभावच चिडका झालाय. मी नोकरीसाठी बंगळुरूला असतो.

उत्तर : आधी व्हिडिओ कॉलवर सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, ट्रामाडॉल यातलं काही दिसलं तर निम्मं उत्तर तिथेच आहे. दुखण्यावरच्या या गोळ्या पहिल्या दिवसांत कामाच्या असतात, पण झापड आणतात, तोल पण जातो, आणि कधी कधी कुणी बंद करा म्हणून सांगतच नाही, पेशंट मेडिकलमधून परत परत आणत राहतो. मात्र तुम्ही फोनवरून एकदम बंद करायला लावू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायच्या असतात.

रात्रीचा गुडघा हा वेगळाच प्राणी आहे. दिवसभर शहाण्यासारखा वागतो आणि दिवा मालवला की ठणकायला लागतो. झोपायच्या आधी वीस मिनिटं कपड्यात गुंडाळून बर्फ, फ्रीजरमधली मटारची पिशवी सगळ्यात बरी, ती गुडघ्यावर नीट बसते. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिली असेल तर त्यातला एक डोस झोपायच्या वेळेला येईल असं त्यांनाच विचारून बसवून घ्या. गुडघ्याखाली उशी नको, बरं वाटतं पण पाय वाकडा राहतो, कुशीवर झोपले तर दोन पायांच्या मध्ये ठेवा. दुपारची झोप अर्धा तास, तीनच्या आत, आणि सकाळी आठला गॅलरीत उन्हात खुर्ची. आईला सांगा टीव्हीचा रिमोट लपवू नका, त्याने भांडण होतं, झोप येत नाही.

दहा आठवड्यांनी पण थकवा वाढतच असेल तर हिमोग्लोबिनबरोबर थायरॉइड आणि सोडियम तपासून घ्या. आणि चिडचिड म्हणता ती उदासी पण असू शकते. गड्यांमध्ये ती अशीच बाहेर पडते, रडत नाहीत, वरणात मीठ कमी म्हणून ओरडतात. त्यांचे सकाळचे चालायचे मित्र असतील ना, त्यांना घरी चहाला बोलवा.

प्रश्न : दोन सलाईन लावून घेतली की ताकद येते असं शेजारचे सांगतात. लावू का? आणि एका गुडघ्यानेच इतकी दमलेय तर दुसरा कधी करू?

उत्तर : सलाईन म्हणजे मीठपाणी, फार तर साखरपाणी. लावल्यावर बरं वाटतं कारण दोन तास आडवं राहायला मिळतं आणि घरचे उशाशी बसतात. तेवढं तर सलाईनशिवाय पण होईल. हार्टचा त्रास असेल तर उगाच चढवलेलं पाणी त्रासदायक पण ठरतं.

दुसऱ्या गुडघ्याचं म्हणाल तर वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये २००० च्या ऑक्टोबरमध्ये बदलला आणि उजवा २००१ च्या जूनमध्ये. पंतप्रधानांच्या दोन गुडघ्यांत आठ महिने गेले, तुम्हाला कसली घाई आहे? तारीख तुमचे सर्जनच ठरवतील, पण त्याआधी हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवा.