शाळेच्या सर्वेक्षणात ‘कीड नाही’, मग दवाखान्यात दोन दाढा किडलेल्या कशा निघाल्या?

तुमच्या बारा वर्षांच्या मुलीच्या शाळेत दंत सर्वेक्षण झालं आणि कागदावर कीड शून्य आली. पंधरा दिवसांनी दंतवैद्यांनी एक्सरे काढून दोन दाढांत कीड दाखवली. यात कोण चुकलं, असं तुम्ही विचारलंय. बहुधा कोणीच नाही. अशा सर्वेक्षणांत मी तपासनीस म्हणून काम केलंय, म्हणून सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत सामान फार थोडं असतं: तोंडात घालायचा आरसा, उजेड, आणि टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी असलेला प्रोब, म्हणजे दात चाचपायची बारीक सळई. मी एकेक दात बघत आकडे बोलतो, शेजारी बसलेला लिहीत जातो. ‘शून्य, शून्य, एक, शून्य...’ एक म्हणजे कीड. खाचेत नुसता तपकिरी डाग असेल आणि खड्डा आहे की नाही याची खात्री होत नसेल, तर शून्यच बोलायचं, असा नियम आहे. मुलीच्या कागदावरचा शून्य असाही आलेला असू शकतो.

पूर्वी टोकदार प्रोब खाचेत दाबून ‘अडकतोय का’ बघायचे. ते सोडलं ते बरंच झालं. नुसती अरुंद खाच असली तरी टोक अडकतं, आणि कीड लागायला सुरुवात झालेलं मऊ इनॅमल (दाताचं वरचं आवरण) त्या दाबाने फुटू शकतं.

दोन दाढा एकमेकींना टेकतात तिथली कीड मात्र आरशाला सहसा सापडत नाही. तिथे बाइटविंग एक्सरेच (दातांत पट्टी चावून धरून काढतात तो) लागतो. पण ज्या मुलांवर आपण उपचार करणार नाही, त्यांना केवळ मोजणीसाठी किरणोत्सर्ग द्यायचा? म्हणून सर्वेक्षणात एक्सरे बहुतेक वगळतात.

सगळ्यात पहिली खूण म्हणजे खडूसारखा पांढरा डाग. ओल्या दातावर तो लपतो. काही सेकंद हवा मारून दात वाळवला की उमटतो. आयसीडॅस नावाच्या पद्धतीत 0 ते 6 असे टप्पे आहेत आणि त्यात हे डागही धरतात. पण दात स्वच्छ हवा, कोरडा हवा, दाबाची हवा हवी, वेळही जास्त लागतो. त्याच वर्गातली तीच मुलं. पांढऱ्या डागापासून मोजायचं की खड्डा पडल्यावर, एवढं बदललं तरी किडलेल्या दातांचा आकडा कितीतरी वर जातो. बातमीतला ‘इतके टक्के मुलांचे दात किडके’ हा आकडा वाचताना मी आधी हेच शोधतो.

सर्वेक्षणाला सगळी कीड पकडायची नसते. सगळ्यांनी एकाच मापाने मोजायला हवं असतं. त्यासाठी आधी तपासनिसांचा सराव घेतात, तीच मुलं दोघांकडून तपासून घेतात आणि दोघांची जुळणी ‘कप्पा’ (kappa) नावाच्या संख्याशास्त्रातल्या आकड्याने मोजतात. साधी टक्केवारी इथे फसवते: 100 पैकी 95 दात निरोगी असतील तर डोळे मिटून ‘शून्य’ म्हणणाराही 95 टक्के जुळतो. योगायोगाने जुळणारा हा भाग ‘कप्पा’ वजा करतो.

किडलेले, किडीमुळे गेलेले आणि भरलेले दात मिळून जो डीएमएफटी आकडा होतो, तो 1938 पासून वापरात आहे. त्याची सरासरीही जपून वाचावी. दहा मुलांची सरासरी 1 म्हणजे प्रत्येकाचा एक दात असेलच असं नाही. आठ जणांचा शून्य आणि दोघांचे पाच-पाच असले तरी तीच येते.

मुलीच्या बाबतीत दंतवैद्यांच्या एक्सरेवर चाला. फक्त एवढं विचारा, की कीड इनॅमलपुरतीच आहे की त्याच्या आतल्या थरापर्यंत, डेंटिनपर्यंत गेलीय, आणि वरचा पृष्ठभाग फुटलाय का. फुटला नसेल तर लगेच फिलिंग न करता फ्लोराइड लावून लक्ष ठेवण्याचा पर्याय असू शकतो.