गाडीत संडास कुठे असतो?

“सहलीला अजून दोन महिने आहेत आणि घरात रोज भांडणं होताहेत. एका गाडीत आठ दिवस कसे काढणार?” अमेरिकेत आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन फिरायला निघालेल्या, विशेषतः भारतातून आलेले आईवडील सोबत असलेल्या कुटुंबांकडून हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. त्यातली ही एक गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कॅलिफोर्नियातलं जोडपं, दोन मुलं आणि नाशिकहून आलेली नवऱ्याची आई. नवऱ्याने एक्सेल शीट बनवली होती: लास वेगास, झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, मोआब, मॉन्युमेंट व्हॅली, पेज (ॲरिझोनातलं एक गाव), ग्रँड कॅन्यन आणि परत वेगास. आठ दिवस, सुमारे 1,200 मैल. झायनच्या 1930 च्या बोगद्यातून मोठी आरव्ही का नेता येत नाही, कुठून वळसा घालायचा, हे त्याने मला वीस मिनिटं समजावलं. बायकोचं म्हणणं एवढंच, की हा सगळा वेळ आपण गाडीतच बसणार. तिचं बरोबर होतं, पण भांडणाचं मूळ तिथे नव्हतं.

व्हिडिओ कॉलवर कोपऱ्यात बसलेल्या काकू प्रत्येक ठिकाणाला “तुम्ही म्हणाल तसं” म्हणत होत्या. सून म्हणाली, “बघा, आईंना काहीच सांगायचं नसतं, मग ऐनवेळी पाय दुखतात.” घरातलं माणूस प्रत्येक गोष्टीला इतक्या चटकन हो म्हणायला लागलं की मला शंका येते. पुढच्या वेळी मी काकूंशी एकटीने बोलले. हवापाणी, नातवंडं, लोणचं झालं. मग आवाज खाली आणत त्यांनी विचारलं, “ताई, त्या गाडीत संडास कुठे असतो हो?”

मी सांगितलं, जेवायच्या टेबलापासून चार पावलांवर, पातळ दाराआड.

“आणि ती टाकी कोण रिकामी करतं?”

“तुमचा मुलगा. हातमोजे घालून, जाड नळी लावून.”

बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग कळलं की त्यांनी स्वतःपुरतं सगळं ठरवूनही टाकलं होतं. पाणी कमी प्यायचं आणि बीपीसाठीची ‘पाण्याची गोळी’ (जिने लघवी जास्त होते ती) आठ दिवस बंद. ब्राइस आठ हजार फुटांवर, हवा कोरडी ठणठणीत, आणि ही बाई तहान मारून बसणार! मी त्यांना म्हटलं, काकू, गोळीचं तुम्हीही ठरवायचं नाही आणि मीही नाही, आजच डॉक्टरांना फोन करा. डॉक्टरांनी गोळी बंद करू दिली नाही, वेळ मात्र बदलून दिली.

बाकीचं त्यांच्या परवानगीने मी घरच्यांसमोर मांडलं. मुलगा ओशाळला. सून म्हणाली, “टाकी मी रिकामी करते, मग चालेल?” काकू कडाडल्या, “नको! त्यापेक्षा मीच करेन!” सगळे हसले आणि पहिल्यांदाच त्या घरात कामाचं बोलणं सुरू झालं.

एक्सेलमध्ये नवा रकाना आला: संडास. दर दीड तासाला थांबा. मुक्काम शक्यतो अशा कॅम्पग्राउंडवर, जिथे फ्लशची स्वच्छतागृहं आहेत. गाडीतलं फक्त अडीअडचणीला. हा रकाना भरता भरता कॅपिटल रीफ, मोआब आणि मॉन्युमेंट व्हॅली आपोआप गळाली. उरलं ते असं: झायन दोन रात्री, ब्राइस दोन, पेज एक, ग्रँड कॅन्यन दोन. मोआब गेल्याचं नवऱ्याला वाईट वाटलं, अजून वाटतं. वाटू दे.

मे महिन्यात ब्राइसहून सुनेचा मेसेज आला. रात्री दीड वाजता सासूबाईंना टॉर्च घेऊन नेलं, परतताना दोघी थंडीत कुडकुडत चांदण्या बघत उभ्या राहिल्या.

भांडण झालंच नाही असं नाही. युटा आणि ॲरिझोनाच्या घड्याळांत उन्हाळ्यात एका तासाचा फरक असतो, आणि पेज अगदी सीमेला लागून. तिथे फोन मिनिटामिनिटाला वेळ बदलत राहिला. बोटीची फेरी चुकली की अजून तास बाकी आहे, यावरून नवराबायकोचं चांगलंच जुंपलं. काकू म्हणे तोवर किनाऱ्यावरचं स्वच्छतागृह शोधून येऊन बसल्या होत्या, हातात पाण्याची बाटली.