आकडे आधी वस्तीत वाचून दाखव

बाळा,

तुझा मेसेज वाचला. मुंबईतल्या मानखुर्दच्या वस्तीतल्या ज्या मुलींनी मे महिनाभर घरात थर्मामीटर टांगून नोंदी केल्या, त्या आता विचारतायत, "ताई, पुढे काय?" आणि तुझे पीएच.डी.चे गाईड म्हणतायत, संशोधनाचा पेपर छापून येईपर्यंत आकडे बाहेर जाता कामा नयेत. तापत्या हवेची झळ आधी कुणाला लागते हे मी तुला सांगायला नको. ते कळतं म्हणूनच तू तिथे गेलीस. तेव्हा सरळ सांगते: आकडे आधी वस्तीत वाचून दाखव. पेपर नंतर.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७४. त्या दिवशी 'मुंबईत किती पाऊस पडला' या प्रश्नाला काही अर्थ होता का? उष्म्याचंही तेच. किनारपट्टीवर उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर जावं लागतं. तेही मोजायचं मोकळ्या जागी, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत. पोटमाळ्यावर रात्री दोन वाजता काय चाललंय ते त्या पेटीला कसं कळणार? दिवसभर तापलेला पत्रा डोक्यापासून हातभर वर, खाली नुकताच बंद केलेला गॅस, खिडकी नाही. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. आई मग धाकट्याला घेऊन ओट्यावर येऊन बसते. ही नोंद तिथे झोपणारी मुलगीच करू शकते. मग तिच्याच आकड्यासाठी तिने तुझ्या संपादकाची वाट का बघायची?

पुरानंतर एका संस्थेची माणसं आमच्या शाळेत आली होती. माझ्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याबरोबर गल्लीगल्लीत फिरून फॉर्म भरले. कुणाकडे कितव्या पायरीपर्यंत पाणी चढलं, कुणाचं काय वाहून गेलं, सगळं. पुढे अहवाल निघाला, गुळगुळीत कागदावर, इंग्रजीत. वस्तीत एक प्रतही आली नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच गल्लीत पाणी भरलं आणि त्याच बायका अंधारात रेशनकार्ड शोधत होत्या. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

तेव्हापासून मी हट्टाला पेटले. नाल्याच्या भिंतीवर ऑइल पेंटने फुटाफुटाच्या खुणा केल्या. मुलांनी शंभरपानी वहीत लिहायचं: तारीख, वेळ, भरतीची उंची, पाणी कुठल्या खुणेला. मोठी भरती आणि जोराची सर एकदम आली की नाल्याचं पाणी समुद्र घेत नाही, हे पोरं त्या वहीतून शिकली. वही चौकात मोठ्याने वाचायची, हा माझा नियम. ती ऐकूनच बायकांनी ठरवलं, कुठल्या गल्लीने सिलिंडर आणि कागदपत्रं आधी वर चढवायची. पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाने ७२ तासांच्या आत दवाखाना गाठायचा, लेप्टोच्या, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळीसाठी, हेही तिथेच ठरलं. वॉर्ड ऑफिसात नुसतं "पाणी भरतं हो" म्हटलं की "अर्ज करा" म्हणतात. तारीख, वेळ आणि खूण दाखवली की इंजिनिअर खुर्ची पुढे ओढतो. आकडा वस्तीच्या हातात होता म्हणून हे झालं, दुसरं काही कारण नाही.

माझी पीएच.डी. राहिली. ज्या वर्षांत प्रबंध झाला असता ती नाल्याकाठी गेली. हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू. सहकारी म्हणायचे, "बाई, एवढी माहिती आहे, तुमच्या नावावर काही असू द्या." पण वही वाचणाऱ्या त्या मुलींपैकी काही आज आरोग्यसेविका आहेत, काही शिक्षिका. पाऊस लागला की भरतीचा तक्ता त्या स्वतः काढतात. पुन्हा निवडायची वेळ आली तरी मी हेच निवडेन.

तू मात्र पीएच.डी. कर. अभ्यासाला माझा विरोध आहे असं डोक्यात घेऊ नकोस. पालिकेचा वातावरण कृती आराखडा २०२२ मध्ये आला. त्याला गल्लीच्या पातळीवरचे आकडे लागणार आणि ते नीट तपासून मांडायला तुझ्यासारखीच माणसं लागणार. फक्त क्रम बदलू नकोस. "गाईड रागावतील" हे कारण मला सांगू नकोस! रागावू देत. प्रत्येक घराला त्या घराचा आकडा दे, नावं झाक, आणि पत्रा, सिमेंटचा पत्रा, स्लॅब अशी छपराप्रमाणे सरासरी मांड. याने कुठला पेपर अडतो ते त्यांनाच विचार.

वाचायचं मुलींनी, मराठीत, महिला मंडळाच्या बैठकीत. तू मागे बस. कुणीतरी उठून सांगेल की अमक्या घरात थर्मामीटर शेगडीच्या वरच टांगला होता. वाद घालू नकोस, लिहून घे. ती नोंद तुला पेपरमधूनही काढावी लागेल. मुंबईत पाऊस पोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याआधीचा रविवार धर, कारण एकदा सरी सुरू झाल्या की सगळ्या ताडपत्रीच्या मागे लागतील आणि तुझ्याशी बोलायला कुणाला फुरसत नसेल.

तुझी,
बाई